इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आणि आपल्या वस्तीतली मुलगी

(जालना इथं कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘मुलींचं तंत्रशिक्षण’. यावर आकडेवारी मांडून बोलता येईल, पण आकड्यांचे तक्ते आपण पुष्कळ ऐकले आहेत. मी आज एकाच मुलीबद्दल आणि तिच्या एकाच वर्षाबद्दल बोलणार आहे. ती चंदनझिऱ्यात राहते, म्हणजे आपल्या एमआयडीसीला लागूनच. 2024 साली तिनं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. तिचं नाव आणि कॉलेज सांगत नाही. तिनंच तसं बजावलंय, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील मी बदललेही आहेत. मी ज्या वस्तीत काम करते तिथली ही मुलगी, त्यामुळे बारावीपासून तिचं सगळं मी जवळून पाहत आले.

जालन्याच्या बाहेरून आलेल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. जालना म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात, स्टील आणि बियाणं. एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट ओतणाऱ्या भट्ट्या आहेत, त्या बिलेटच्या सळ्या करणाऱ्या रोलिंग मिल आहेत. बियाण्याचा धंदा त्याहून जुना. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको सुरू केली आणि संकरित बियाण्यांचं गाव म्हणून जालन्याचं नाव झालं. या दोन्ही धंद्यांच्या कौतुकात बाई कुठं दिसत नाही. ती असते मात्र. भंगार निवडायला असते, डाळ मिलमध्ये निवडायला असते, झाडायला असते. आणि बियाण्याच्या प्लॉटवर तर तीच असते. शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या कळ्या चिमट्यानं उघडायच्या, आतले पुंकेसर काढून टाकायचे, बीजांडाला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. याला बायका ‘क्रॉसिंगचं काम’ म्हणतात. ‘संकरित’ हा शब्द आपण बियाण्याच्या पाकिटावर वाचतो, तो असा एकेका फुलावर बाईच्या बोटांनी होतो. मजुरीच्या हिशेबात मात्र हे काम ‘हलकं काम’.

आपल्या मुलीची आई हे काम करते. हंगाम नसला की डाळ मिल. ती परित्यक्ता आहे. दोन मुलींना घेऊन बारा वर्षांपूर्वी चंदनझिऱ्यात आली. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. नवऱ्यानं दुसरं लग्न केलंय, पोटगीचा एक रुपया कधी आला नाही. हे मी दयेपोटी सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून सांगतेय.

जुलै 2024 मध्ये सरकारनं निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खाजगी कॉलेजातसुद्धा, फक्त प्रवेश सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. निर्णय चांगलाच आहे. वस्तीत मी तो वाचून दाखवला तेव्हा या मुलीची आई म्हणाली, “ताई, म्हणजे पैशाचं मिटलं?” मिटलं नव्हतं, पण त्याआधी कागदांचं सुरू झालं.

मुलगी ओबीसी. राखीव जागेवर प्रवेश हवा तर जातीचा दाखला आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र हवं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो वडिलांकडचा. म्हणजे ज्या बाईला नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तिनं मुलीला शिकवण्यासाठी पुन्हा त्याच उंबऱ्यावर जायचं आणि म्हणायचं, तुमच्या बापाचा शाळेचा दाखला द्या. मूल वाढवायला आई, कागदाला बाप. परित्यक्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात इतकी वर्षं काम झालं. पोटगी, घरावरचा हक्क, रेशन कार्ड यासाठी बायका लढल्या. दाखल्याचा हा प्रश्न मात्र आपल्या मागणीपत्रांत कुठंतरी खाली पडलेला असतो. तो वर आणला पाहिजे.

तिच्या आईनं त्या घरी जायला साफ नकार दिला. मग आम्ही तिघी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. आजोबा त्याच शाळेत शिकले होते. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, नात म्हणून मुलीची सही, आणि जुन्या रजिस्टरमधून प्रवेश-निर्गम उतारा मिळवला. पानाला वाळवी लागलेली, पण नाव, जात आणि तारीख शाबूत. हे तपशिलानं सांगते आहे कारण तुमच्याकडंही अशा मुली असतील. नवऱ्याच्या दारात न जाता शाळेच्या दारात जाता येतं. आणि हे काम बारावीच्या निकालानंतर नको, अकरावीतच करून ठेवावं. निकालानंतर सगळ्या जिल्ह्याची रांग तिथं असते.

प्रवेश झाला. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची झाली. आता ड्राफ्टर, ड्रॉईंग बोर्ड, शीट, वर्कशॉपचा एप्रन आणि बूट, कॅल्क्युलेटर, बस, डबा. एस.टी.त मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा हात लागला. ज्यांना बाहेरगावी राहायचं असतं त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. योजना आहेत. पैसे कधी हातात पडतात हे ज्यांनी अर्ज भरलेत त्यांना विचारा. ड्राफ्टर मात्र पहिल्या आठवड्यात लागतो. तो आम्ही एका सिनियर मुलाकडून जुना घेतला.

आता अभ्यासाकडे येते.

मुलगी मराठी माध्यमाची. दहावीला विज्ञानात चांगले मार्क. घर्षण म्हणजे काय ते तिला पाठ होतं, उताराचा दगड का घसरतो ते सांगता येत होतं. पण फळ्यावर ‘फ्रिक्शन’ आलं की ती गप्प. समतोल माहीत, ‘इक्विलिब्रियम’ माहीत नाही. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जे समजत नव्हतं ते तिला समजत होतं, पण त्यांना ते म्हणता येत होतं आणि हिला येत नव्हतं. पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात 2021 मध्ये मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं, हे तुम्ही वाचलं असेल. चंदनझिऱ्याच्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिनं स्वतःच एक वही केली. डाव्या बाजूला शाळेतला शब्द, उजवीकडं कॉलेजातला. दिवाळीपर्यंत वहीत चारेकशे शब्द झाले. ही वही आता तिच्या मागून आलेल्या दोन मुली वापरतात. आम्ही तिच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, आज इथं टेबलावर आहेत, ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात.

दुसरं, इंजिनिअरिंग ड्रॉईंग. हा विषय ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. एखादी वस्तू समोरून कशी दिसेल, वरून कशी, बाजूनं कशी, हे कागदावर मिलिमीटरच्या मापानं काढायचं. पुष्कळ मुलं-मुली यात अडकतात आणि मुली अडकल्या की लगेच म्हणतात, मुलींना आकाराची जाण कमी. आमच्या मुलीची पहिली अडचण साधी होती, बोर्ड ठेवायला जागा नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत बोर्ड मांडला की बहिणीला पाय पसरता येत नाहीत, आणि स्वयंपाक चालू असेल तर शीटवर तेलाचे डाग. मग आईनं वेळ बदलली. भाकरी संध्याकाळी सहाच्या आत करायच्या, त्यानंतर स्टोव्ह बंद. अर्ध्या दिवसाचं प्लॉटवरचं काम उरकून आलेली बाई सहाच्या आत भाकरी करते म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि त्या विषयात एक प्रकरण असतं, पृष्ठभाग उलगडण्याचं. समजा पत्र्याचा पाइप आहे आणि तो तिरका कापलेला आहे. तो उघडून सपाट पसरला तर पत्र्याची कड कशी दिसेल? ती सरळ दिसत नाही, लाटेसारखी वर जाऊन खाली येते. हे वर्गात कुणाला पटेना. ती घरी आली तेव्हा शेजारची मावशी ब्लाउजची बाही कापत होती. कापडावर बाहीचा गोलवा खडूनं काढलेला, मधे उंच, दोन्हीकडे उतरता. मुलगी बघत राहिली. बाही म्हणजे नळीच, आणि मुंढ्याला ती तिरकी बसते. तिरक्या कापलेल्या नळीचा उलगडा मावशी गेली वीस वर्षं खडूनं काढत होती. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग यांत काय, गोलवा नाही दिला तर हात वर होत नाही.” दुसऱ्या दिवशी मुलीनं कागदाची बाही कापून नेली आणि चार मैत्रिणींना ती शीट समजावली. त्यात दोन मुलगेही येऊन बसले.

बायकांच्या कामात कौशल्य असतं, हे आपण भाषणांत म्हणतो. मला इथं त्याहून नेमकं काहीतरी म्हणायचंय. त्या कामात भूमिती आहे, मापं आहेत, साहित्याची समज आहे, आणि ती कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींपेक्षा वेगळी नाही. फरक एवढाच की एका जागी त्याला मार्क मिळतात.

वर्कशॉपची गोष्ट तर मला फारच बोलकी वाटते. पहिल्या वर्षाला सगळ्यांना फिटिंग असतं. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानशीनं घासायचा, गुण्या लावून काटकोन तपासायचा. मग दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. त्या जॉबला नाव काय तर ‘मेल-फिमेल’. हे नाव उच्चारलं की पोरं फिदीफिदी हसतात आणि मुली माना खाली घालतात. वर्षानुवर्षं हेच. असो. तर आमच्या मुलीचा जॉब सपाट होईना. मधे फुगवटा राहायचा आणि खांदा भरून यायचा. शिकवणारे म्हणाले, मुलींच्या हातात जोर नसतो. तिनं वर्कशॉपचं पुस्तक उघडून बघितलं. त्यात सरळ लिहिलेलं होतं की व्हाइसचा जबडा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर असावा. म्हणजे कानस आडवी, सपाट चालते. व्हाइस उंच असला तर हात वरून ओढावा लागतो आणि कानस डुलते.

तिनं टेप आणला. व्हाइसचा जबडा जमिनीपासून 42 इंच. तिची उंची 4 फूट 11 इंच, कोपर 37 इंचावर. पाच इंच. जोराचा प्रश्नच नव्हता, पाच इंचांचा होता. मग तिनं बॅचमधल्या सगळ्या मुलींची कोपरं मोजली. बहुतेक 37 ते 40 च्या मध्ये. तीन-चार बुटक्या मुलांनीही गुपचूप मोजून घेतलं. सुतारकामाच्या तासाला उरलेल्या लाकडाचे तिनं दोन पाट केले, एक तीन इंची, एक पाच इंची, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे मारले, घसरू नये म्हणून. पाटावर उभी राहिली आणि जॉब सपाट आला. ते शिकवणारे गृहस्थ वाईट नव्हते हो. म्हणाले, वीस वर्षांत हे कुणी मागितलंच नाही. मागणार कोण? ज्या मुली आल्या त्यांनी आपल्याच हाताला दोष दिला आणि पुढं कॉम्प्युटरकडं वळल्या.

हा तिचा पहिला डिझाइनचा प्रकल्प, असं मी म्हणते. कॉलेजच्या वहीत त्याची नोंद नाही.

वहीतला प्रकल्प दुसऱ्या सत्रात आला. चौघांचा गट, समाजातला एखादा प्रश्न निवडा आणि त्यावर वस्तू तयार करा. गटात ही आणि तीन मुलगे. मुलग्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं, आपोआप उघडणारी कचरापेटी. हात पुढं केला की सेन्सरला कळतं, मोटर फिरते, झाकण उघडतं. सेन्सर, मोटर, अर्डुइनो सगळं बाजारात मिळतं, प्रोग्रॅमही तयार मिळतो. आणि हिनं काय करायचं? तर रिपोर्ट लिहायचा, कारण अक्षर चांगलं. श्रमविभागणी म्हणजे काय, हे आपल्याला शिबिरात दोन दिवस समजावून सांगावं लागतं. इथं पहिल्या वर्षाच्या गटात ती पाच मिनिटांत झाली.

ती म्हणाली, मला दुसरा प्रश्न घ्यायचाय. प्लॉटवर आई सकाळी सातला जाते. आसपास सपाट रान, झाड नाही, झुडूप नाही, शेजारून रस्ता. संडास नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. शेडनेटच्या आत उकाडा, आणि बाई तहान मारून काम करते. लघवीची जळजळ, ताप, हे सगळं त्या वस्तीत घरोघर आहे. मुंबईत 2011 पासून बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून सार्वजनिक मुताऱ्यांसाठी मोहीम चालवली. शहराच्या नाक्यावर मागणी करायला निदान एक महानगरपालिका असते. रानातल्या प्लॉटवर कुणाकडं मागायचं? तर मुलीचं म्हणणं, उचलून नेता येईल असा आडोसा करू.

दोन मुलगे गट सोडून गेले. एक राहिला. तो शेतकरी घरातला, त्याच्याकडं स्कूटर होती, आणि ती स्कूटर पुढं फार उपयोगी पडली.

पहिला आडोसा त्यांनी लोखंडी पाइपचा केला, वर हिरवी जाळी. चांगला दणकट झाला आणि चौदा किलोचा. बाईच्या एका हातात डबा, दुसऱ्यात पाण्याचा कॅन. चौदा किलो कुठं धरणार? बाद. मग बांबू. वजन सहा किलोवर आलं. प्लॉटवर नेऊन उभा केला तर वाऱ्यानं पडला. खुंट्या मारल्या, पण उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा, खुंटी धरत नाही. तेव्हा तिच्या आईबरोबर काम करणारी एक आजी म्हणाली, “अगं, शेडनेटचा खांब काय पुजायला ठेवलाय? त्यालाच बांध की.” खरंच, शेडनेटच्या कोपऱ्याला पक्का रोवलेला पाइप असतो. त्याला एक बाजू बांधली की आडोशाला तीन पाय लागतच नाहीत, एक पुरतो. वजन चार किलो झालं.

मग जाळीचा प्रश्न. शेडनेट 50 टक्के, 75 टक्के, 90 टक्के अशी सावलीच्या हिशेबानं मिळते. त्यांनी 75 टक्केवाली घेतली. दुपारी ठीक. पण काम सुटताना सूर्य पश्चिमेला उतरतो, आणि मागून उजेड आला की आतल्या बाईची सावली बाहेर स्पष्ट दिसते. हे मुलीलाही सुचलं नव्हतं, त्या मुलालाही नाही. बायकांनी सांगितलं. जाळी दुहेरी केली, दोन पदरांत बोटभर अंतर ठेवून. उंचीही बायकांनी बदलली. मुलीनं साडेचार फूट धरली होती, बसल्यावर पुरते म्हणून. बायका म्हणाल्या, उठून निऱ्या कोण नीट करणार, तू? साडेपाच फूट केली. आत एक आकडा लावला, पाळीच्या वेळी पिशवी अडकवायला. खाली मातीची बादली आणि डबा. सगळा खर्च अकराशे रुपये.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “यात टेक्नॉलॉजी काय आहे?” तिनं तक्ता पुढं ठेवला. कोणत्या साहित्याला किती वजन, किती किंमत, वाऱ्यात काय झालं, कितव्या वेळी काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं. त्या शेवटच्या रकान्यात बायकांची नावं होती. सरांनी तक्ता चाळला, बरा आहे म्हणाले. 25 पैकी 16. कचरापेटीला 23 आणि प्रदर्शनात बक्षीस.

मला मार्कांचं दुःख नाही, तिला थोडं झालं. पण तो प्रश्न मी डोक्यातून काढू शकले नाही. मोटर असली की टेक्नॉलॉजी. कामगाराचं वजन, उंची, लाज, तहान यांचा हिशेब करून वस्तू बेतली तर ती कार्यानुभवाची वही. आपल्या आयुष्यातल्या किती वस्तू या समजुतीनं बनल्यात ते मोजा. बसची दांडी, विळ्याची मूठ, गॅस सिलेंडर, पाठीवरचा फवारणी पंप.

आता थोडं पुढचं. या मुली इंजिनिअर झाल्या तर याच एमआयडीसीत येतील, आणि काही तर शिकत असतानाच येतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे 1933 पासूनच्या आपल्या जुन्या यूडीसीटीनं, 2018 मध्ये जालन्यात मराठवाडा केंद्र सुरू केलं. तिथल्या पाच वर्षांच्या एम.टेक.ची आखणीच अशी की शिकणं आणि कारखान्यातलं प्रशिक्षण आलटून पालटून. मला ही कल्पना आवडते. पण मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कारखान्याच्या गेटातून आत जाणार असेल, तर आत काय आहे हे आपण विचारायचं की नाही? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थीसुद्धा, हे स्पष्ट आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी. मी एमआयडीसीतल्या ज्या गेटांवर गेले तिथं समितीचं नाव विचारल्यावर एका ठिकाणी मला सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर दिला आणि एका ठिकाणी चहा दिला.

रात्रीच्या कामाचंही तसंच. 1948 च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला बंदी होती. महाराष्ट्रानं 2015 मध्ये ती सैल केली, आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनुसार बाईच्या संमतीनं रात्रपाळी चालते. त्या जुन्या कायद्यात आणखी एक कलम होतं: चालू यंत्राला तेल देणं, ते साफ करणं किंवा जुळवणं, हे ‘स्त्रिया आणि अल्पवयीन’ यांना मना. बाई आणि पोर एका ओळीत. बंदी गेली याचं मला वाईट वाटत नाही. ज्या मुलीला भट्टीची रात्रपाळी बघितल्याशिवाय धातुशास्त्र कळणार नाही, तिला सातला घरी पाठवणं म्हणजे तिचं शिक्षण कापणं. पण रात्री अकराला चंदनझिऱ्याच्या रस्त्यावर दिवा नाही आणि कंपनीची गाडी फक्त साहेबांना. संमतीचा कागद अशा रस्त्यावर काय कामाचा?

एक जुनी गोष्ट सांगते. आपल्या देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअर ए. ललिता. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून 1943 मध्ये त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी विधवा, पदरात काही महिन्यांची मुलगी. वडिलांनी पाठिंबा दिला, कॉलेजनं दार उघडलं. एकट्या पडू नयेत म्हणून आणखी मुलींना बोलावलं गेलं आणि दोघी आल्या. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की दार उघडलं तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सोबतीचा विचार केला. आपल्या पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं 1991 मध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेव्हाही त्यात हा विचार होताच.

आमची मुलगी पहिल्या वर्षी गणितात राहिली. एम-वन म्हणतात त्याला. ए.टी.के.टी.वर दुसऱ्या वर्षाला गेली. निकालाच्या आठव्या दिवशी मामा स्थळ घेऊन आला. मुलगा चाकणला नोकरीला, हुंडा फार नाही, पोरीला नापासाचा शिक्का बसलाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं महाराष्ट्रात विशीतल्या जवळपास 22 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, आणि परभणी, बीड, जालना तर त्या सरासरीच्याही वर. ही मुलगी अठराची झालीय, म्हणून कायद्याची अडचण नाही. पण एका विषयात राहणं म्हणजे लग्नाला मोकळी, हा हिशेब तिथं फार पक्का आहे. मुलगा नापास झाला तर क्लास लावतात.

आईनं भावाला विचारलं, “तू दहावीला तीनदा बसलास तेव्हा तुझ्यासाठी बायको बघितली होती का मी?” मामा चहा न घेता गेला. आता तो येत नाही, आणि दिवाळीची साडीही आली नाही. एकट्या बाईला भाऊ तुटणं म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. ती किंमत तिनं मोजली आहे. एम-वनचा पेपर मुलीनं पुन्हा दिलाय, निकाल यायचाय.

मला तुमच्यासमोर ठेवायचं आहे ते हे. जूनमध्ये आपण वस्तीवस्तीत प्रवेश मिळवून देतो, फोटो काढतो, पेढे वाटतो. मग पुढच्या जूनपर्यंत त्या मुलीकडं कोण जातं? मुली सुटतात त्या याच वर्षात. चंदनझिऱ्यात आम्ही ठरवलंय की प्रवेशाची यादी ठेवायची नाही, दुसऱ्या वर्षात गेलेल्यांची ठेवायची. समाजमंदिराची खोली संध्याकाळी सहा ते नऊ ड्रॉईंग बोर्डांसाठी मागितली आहे. नगरसेवक हो म्हणाले, किल्ली अजून मिळाली नाही. गणितासाठी डिप्लोमा झालेली एक मुलगी रविवारी येते, तिला रिक्षाचे पैसे आम्ही देतो. वर्कशॉपमधली व्हाइसची उंची मोजून आणायचं काम तुमच्या तालुक्यातल्या मुलींना द्या. कॉलेज असो, आय.टी.आय. असो, तंत्रनिकेतन असो. टेप दहा रुपयांना मिळतो, आणि मोजलेला आकडा घेऊन प्राचार्यांकडं गेलं की ते ‘बघू’ म्हणत नाहीत, पाट कुणी करायचा ते विचारतात. निदान दोन ठिकाणी तरी तसं झालंय.

आडोशाचं म्हणाल तर तो एकाच प्लॉटवर उभा आहे. शेजारच्या प्लॉटवाल्यानं खांबाला बांधू दिला नाही, जाळी फाटेल म्हणाला. आता बायका मुकादमाशी बोलताहेत की बियाणं कंपनीनंच द्यावा, प्रत्येक शेडनेटमागं एक. मुलीनं त्यासाठी ड्रॉईंग पुन्हा काढलंय, या वेळी मापं इंचांत, कारण प्लॉटवर मिलिमीटर कुणी वापरत नाही.

त्या प्लॉटवरच्या तिघीजणी आज मागं दाराजवळ बसल्या आहेत. रोज बुडवून आल्यात. चर्चेत त्यांना आधी बोलू द्या, माझ्याहून त्यांना जास्त माहीत आहे.